अंड्यातला बलक वेगळा दिसला तर फेकायचा की खायचा?

सहरीच्या घाईत खागीन्यासाठी अंडी फोडताना एखाद्यात दोन बलक निघतात, एखाद्यावर लाल ठिपका दिसतो. मग घरात चर्चा सुरू होते. कुणी बरकत म्हणतं, कुणी नजर लागली म्हणतं, आणि बऱ्याचदा चांगलं अंडं कचऱ्यात जातं. खरं तर यातल्या बहुतेक गोष्टींची कारणं साधी आहेत.

दोन बलक : कोंबडीच्या अंडाशयातून साधारण दिवसाला एक बलक सुटतो. त्याच्याभोवती पांढरा भाग आणि शेवटी कवच तयार होतं. कधी दोन बलक पाठोपाठ सुटतात आणि एकाच कवचात बंद होतात. नुकत्याच अंडी द्यायला लागलेल्या तलंगांमध्ये हे जास्त होतं. असं अंडं खायला काहीच हरकत नाही. उलट, काही तलंगांच्या लहानशा अंड्यात बलकच नसतो, तोही आजार नाही.

लाल ठिपका : बलक सुटताना बारीक रक्तवाहिनी फुटली की बलकावर थेंब उमटतो. आत पिल्लू तयार होत होतं, असा त्याचा अर्थ नाही. पोल्ट्रीत अंडी देणाऱ्या कोंबड्यांसोबत कोंबडा ठेवत नाहीत, त्यामुळे ती अंडी फलित नसतात. तपकिरी ठिपका बहुधा अंडनलिकेतल्या पेशींचा कण असतो. आरोग्याच्या दृष्टीने ठिपका चमच्याने काढून बाकीचं अंडं नीट शिजवून खाता येतं. मात्र घरच्या गावरान कोंबडीच्या, उबेत राहिलेल्या अंड्यात रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं तर ते टाकून द्यावं.

हलालचा प्रश्न : सूरह अल-अनआमच्या १४५ व्या आयतीत वाहतं रक्त हराम ठरवलं आहे. रक्ताचा ठिपका खायचा नाहीच. उरलेल्या अंड्याचं काय, हे आपल्या मसलकाप्रमाणे मशिदीच्या इमाम साहेबांना विचारून घ्या. कोकणात शाफई घरं जास्त, मराठवाड्यात हनफी. त्यामुळे शेजाऱ्याचं ऐकून ठरवू नका.

फिकट, केशरी, हिरवट : बलकाचा रंग कोंबडीच्या खाद्यावर ठरतो. पिवळा मका, हिरवा चारा, झेंडूच्या पाकळ्यांची पूड यांनी तो गडद होतो. तांदळाची कणी, ज्वारी, गहू जास्त असेल तर फिकट. रंग गडद म्हणजे ताकद जास्त, असं काही नाही. सरकीची पेंड जास्त झाली तर हिरवट-तपकिरी छटा येते. २०२० मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात काही कोंबड्यांच्या अंड्यात चक्क हिरवे बलक निघाले होते. पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी खाद्य बदलून पाहिलं, तेव्हा बलक पुन्हा पिवळे झाले.

उकडल्यावर हिरवी कड : अंडं जास्त वेळ उकडलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ही कड तयार होते. ती अपायकारक नाही. अंडी वेळेवर उतरवून थंड पाण्यात टाका.

पांढरी दोरी : बलकाला मध्यभागी धरून ठेवणारा हा नैसर्गिक पीळ आहे. ताज्या अंड्यात तो ठळक दिसतो.

पसरलेला बलक : अंडं जुनं झालं की बलकाचं पातळ आवरण सैल पडतं. पाण्यात अंडं आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फारच जुनं.

कधी फेकायचं? घाण वास आला, पांढरा भाग गुलाबी, हिरवा किंवा काळा दिसला, तर चव घेऊन पाहू नका, सरळ टाका. तडकलेली अंडीही घेऊ नका. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं अंडं देऊ नका, कारण साल्मोनेला जंतू अंड्याकडे पाहून ओळखता येत नाही.

शेवटची सवय छोटीच, पण कामाची. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा, मगच भांड्यात घाला. एका खराब अंड्यापायी बाकीची दहा वाया जाणार नाहीत.