कल्चर रिपोर्टला इतके दिवस का लागतात?

लघवीला जळजळ होते, थंडी वाजून ताप येतो, म्हणून डॉक्टरांनी ‘युरिन कल्चर’ करायला सांगितले. साखर आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मिळाले. कल्चरसाठी मात्र लॅबने दोन-तीन दिवसांनी यायला सांगितले. घरी पेशंट तापाने फणफणलेला असताना हा उशीर नातेवाइकांना खटकतो. पण या तपासणीचा बराचसा वेळ लॅबच्या हातात नसतो. तो जिवाणूंच्या वाढीचा वेळ असतो आणि त्यात घाई करता येत नाही.

कल्चर तपासणी म्हणजे काय?

शरीरातून घेतलेल्या नमुन्यात जिवंत जिवाणू आहेत का, हे त्यांना लॅबमध्ये वाढवून पाहण्याची ही तपासणी आहे. नमुना रक्ताचा, लघवीचा, थुंकीचा, पुवाचा किंवा मणक्यातील पाण्याचा असू शकतो. जिवाणू वाढले तर त्यांची ओळख पटवली जाते आणि कोणते औषध त्यांच्यावर चालेल, हेही तपासले जाते. या दुसऱ्या भागाला ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणतात.

जिवाणू कसे वाढतात?

एका जिवाणूचे विभाजन होऊन दोन होतात, दोनाचे चार, चाराचे आठ. लघवीच्या संसर्गात सर्वाधिक सापडणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला पोषक वातावरण मिळाले, तर त्याची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. या वेगाने एका जिवाणूचे ७ तासांत जवळजवळ २१ लाख होतात.

ही वाढ लगेच सुरू होत नाही. नव्या जागी आलेला जिवाणू आधी तिथल्या अन्नाशी आणि तापमानाशी जुळवून घेतो. त्यानंतर संख्या भराभर वाढते. अन्न संपू लागले आणि टाकाऊ पदार्थ साचले की वाढ थांबते आणि जिवाणू मरू लागतात.

सगळे जिवाणू सारख्या वेगाने वाढत नाहीत. क्षयरोगाच्या जिवाणूला एकदा दुप्पट व्हायला साधारण १५ ते २० तास लागतात. म्हणूनच टीबी कल्चरचा रिपोर्ट काही आठवड्यांनी येतो. कुष्ठरोगाचा जिवाणू तर लॅबमधील कृत्रिम माध्यमावर अजूनही वाढवता आलेला नाही.

लॅबमध्ये नेमके काय होते?

जिवाणू वाढवण्यासाठी चपट्या, झाकण असलेल्या पेट्री डिशमध्ये पोषक द्रव्ये मिसळलेला अगारचा थर असतो. अगार म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ. जेली करण्यासाठी आपण वापरतो ते चायना ग्रास तेच. पूर्वी यासाठी जिलेटिन वापरत, पण शरीराच्या तापमानाला ते वितळून जाई. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेसे यांना त्यांच्या पत्नी फॅनी यांनी स्वयंपाकातला हा पदार्थ सुचवला. १८८० च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत आजही चालू आहे.

लघवीच्या नमुन्याचे काम साधारण असे चालते:

- पहिला दिवस: बारीक तारेच्या कडीने लघवीचा ठरावीक थेंब डिशवर पसरवतात. डिश ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवतात.
- दुसरा दिवस: एकेका जिवाणूपासून कोट्यवधी जिवाणू तयार होऊन डोळ्यांना दिसणारे ठिपके उमटतात. त्यांना कॉलनी म्हणतात. मॅककॉन्की नावाच्या माध्यमावर ई. कोलायच्या कॉलनी गुलाबी दिसतात. कॉलनी मोजून आणि इतर चाचण्या करून जिवाणू ओळखतात. मग त्याच जिवाणूंचा थर नव्या डिशवर पसरवून त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिक्सच्या छोट्या चकत्या ठेवतात.
- तिसरा दिवस: जे औषध चालते, त्याच्या चकतीभोवती वाढ न झालेले स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून रिपोर्ट तयार होतो. काही लॅबमध्ये हे काम यंत्रावर होते. तिथे रिपोर्ट थोडा लवकर मिळू शकतो.

रक्ताचे कल्चर द्रव माध्यमाच्या बाटलीत होते. जिवाणू वाढताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड यंत्र टिपते. वाढ नसेल तर बाटल्या सहसा ५ दिवस ठेवून मगच ‘वाढ नाही’ असा अंतिम रिपोर्ट देतात. टीबीसाठी द्रव माध्यमात ६, तर घन माध्यमात ८ आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते.

नमुना देताना काय काळजी घ्यावी?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, शक्य असेल तेव्हा अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या. घरातल्या जुन्या पाकिटातल्या किंवा केमिस्टकडून परस्पर आणलेल्या दोन गोळ्यांनीही जिवाणू अर्धमेले होतात. ते डिशवर वाढत नाहीत, पण शरीरात आजार चालूच राहतो. टायफॉइडमध्ये असे वारंवार घडते. गोळी आधीच घेतली असेल तर तिचे नाव आणि वेळ डॉक्टरांना व लॅबला सांगा. ही माहिती लपवू नका.

- लघवी: जागा पाण्याने स्वच्छ धुवा. सुरुवातीची थोडी धार सोडून मधल्या धारेची लघवी लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्या. घरची धुतलेली बाटली चालत नाही. डबी तासाभरात, फार तर दोन तासांत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिल्यास डबीतच जिवाणू वाढतात आणि रिपोर्ट फसवा येतो.
- थुंकी: सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून बेडका द्या. लाळ नको. शक्यतो मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर जाऊन नमुना घ्या.
- रक्त: मोठ्या माणसांत एकेका बाटलीसाठी साधारण ८ ते १० मिलिलिटर रक्त लागते आणि बहुधा दोन वेगळ्या जागांहून घेतात. रक्तात जिवाणू फार कमी असतात, म्हणून एवढे रक्त लागते. त्याने अशक्तपणा येत नाही.

रिपोर्ट कसा समजून घ्यावा?

आकडा: लघवीत दर मिलिलिटरला १ लाख किंवा अधिक जिवाणू एकाच जातीचे असतील, तर सहसा संसर्ग मानतात. त्रास होत असेल तर त्याहून कमी आकडाही महत्त्वाचा ठरू शकतो. तीन-चार प्रकारचे जिवाणू मिसळलेले असतील तर नमुना घेताना बाहेरचे जिवाणू आले असण्याची शक्यता जास्त असते.

एस, आय, आर: ‘एस’ म्हणजे औषध चालण्याची शक्यता चांगली, ‘आर’ म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही. ‘आय’ म्हणजे मधली स्थिती. त्यात औषध जास्त डोसमध्ये किंवा ठरावीक जागेच्या संसर्गातच उपयोगी पडू शकते. ज्या औषधाचे वर्तुळ सर्वांत मोठे ते सर्वांत चांगले, असे नसते, कारण प्रत्येक औषधाचे मोजमाप वेगळे असते. किडनीची स्थिती, गर्भारपण आणि ॲलर्जी पाहूनच डॉक्टर औषध निवडतात.

पॉझिटिव्ह म्हणजे नेहमीच आजार नव्हे. कोणताही त्रास नसताना लघवीत जिवाणू सापडले, तर बहुतेकांना औषध लागत नाही. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाची काही ऑपरेशन्स होणारे पेशंट हे याला अपवाद आहेत. रक्ताच्या एकाच बाटलीत त्वचेवरचे जिवाणू वाढले, तर ते सुईबरोबर आलेले असू शकतात.

निगेटिव्ह म्हणजे नेहमीच संसर्ग नाही, असेही नव्हे. आधी घेतलेले अँटिबायोटिक, अपुरा नमुना किंवा साध्या माध्यमावर न वाढणारा जिवाणू, ही कारणे असू शकतात. विषाणूंमुळे येणारा ताप या तपासणीत दिसत नाही.

रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबतात का?

गंभीर आजारात थांबत नाहीत. नमुना घेतल्यावर डॉक्टर अनुभवाने आणि त्या भागातल्या जिवाणूंचा अंदाज घेऊन औषध सुरू करतात. रिपोर्ट आल्यावर ते बदलतात, कमी करतात किंवा बंदही करतात. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून रिपोर्ट आणायचे टाळू नका. चालू औषध योग्य आहे का, हे त्यातूनच कळते.

पेशंट गोंधळल्यासारखा बोलत असेल, श्वास जलद चालत असेल, हातपाय गार पडत असतील, लघवी खूप कमी होत असेल किंवा सारखी झोप येत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्या.

लक्षात ठेवा: जुना रिपोर्ट दाखवून पुन्हा तीच गोळी घेऊ नका. नव्या संसर्गातला जिवाणू वेगळा असू शकतो, किंवा तोच जिवाणू आता त्या औषधाला दाद देणार नाही. जुने रिपोर्ट मात्र जपून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.