जिथे रात्र पुरत नाही : उत्तर युरोपच्या सफरीचा बेत आणि अकराशे वर्षांचा एक सवाल

प्रवासाचा बेत आखताना आपण आधी अंतर मोजतो, मग खर्च. वाशीमहून अजमेरला जायचे असो की हैदराबादला, या दोन गोष्टी जुळल्या की पिशव्या भरायला घेतो. उन्हाळ्यात उत्तर युरोपला जायचे असेल तर मात्र तिसरी गोष्टही मोजावी लागते. ती म्हणजे दिवस.

माझा भाचा जर्मनीत हॅम्बुर्गला नोकरी करतो. येत्या जूनमध्ये आई-वडिलांना बोलावून मोटारीने उत्तर दाखवायचे त्याच्या मनात आहे. हॅम्बुर्गहून निघायचे, डेन्मार्क ओलांडायचे, कोपनहेगनहून समुद्रावरच्या पुलाने स्वीडनमध्ये शिरायचे, स्टॉकहोम गाठायचे आणि तिथून मोटारीसह जहाजाने फिनलंडला जायचे. व्हिसाची अडचण मोठी नाही, कारण या सगळ्या देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. पण माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, कारंज्याला राहते आणि तिने साफ नकार दिला. म्हणाली, "जिथे रात्रच होत नाही तिथे मी इशा कधी पढू? फजर कधी? त्यापेक्षा मी इथेच बरी." भाच्याने मोबाइलवर नमाजच्या वेळा पाहिल्या, तर एका अॅपमध्ये इशाची एक वेळ, दुसऱ्यात दुसरी. बाजीचा नकार आणखी पक्का झाला. शेवटी फोन माझ्याकडे आला. घरात उर्दू-मराठी शिकवणारा मी एकटाच, म्हणून.

फतवा देणे शिक्षकाचे काम नाही, ते उलेमांचे. पण बाजीचा सवाल नवा नाही, एवढे मी तिला सांगू शकत होतो. तो अकराशे वर्षांपूर्वी विचारला गेला आहे आणि विचारणारा बगदादहून निघालेला मुसाफिर होता.

इब्न फदलानची तयारी

इ.स. ९२१ च्या जूनमध्ये अब्बासी खलिफा अल-मुक्तदिर याने एक शिष्टमंडळ उत्तरेला पाठवले. व्होल्गा नदीच्या काठी बुल्गार लोकांचे राज्य होते. तिथला राजा अलमिश याने दीन शिकवणारी माणसे, मशीद आणि खझर शत्रूंपासून बचावासाठी किल्ला बांधायला पैसा मागितला होता. या शिष्टमंडळात अहमद इब्न फदलान होता. खलिफाचे पत्र वाचून दाखवणे आणि सोबतच्या फकीह व मुअल्लिमांवर देखरेख ठेवणे ही त्याची जबाबदारी.

त्याचा मार्ग बगदाद, रय, निशापूर, मर्व, बुखारा आणि पुढे ख्वारिज्म असा होता. ख्वारिज्ममधल्या जुर्जानिया शहरात थंडीने त्यांना गाठले. जैहून नदी गोठली आणि ती मोकळी होईपर्यंत तीन महिने तिथेच थांबावे लागले. पुढे निघताना लोकांनी सांगितले तशी तयारी केली : तीन महिन्यांची भाकरी, भरडधान्य आणि सुकवलेले मांस, नद्या ओलांडायला उंटाच्या कातड्याच्या होड्या आणि अंगावर कपड्यांचे थरावर थर. इतके कपडे, की उंटावर बसल्यावर हलताही येईना, असे त्याने लिहून ठेवले आहे. थंडीच्या धास्तीने फकीह आणि मुअल्लिम जुर्जानियातच मागे राहिले. मुअल्लिमांचा हा प्रताप शाळेच्या स्टाफरूममध्ये मी जरा दबक्या आवाजातच सांगतो.

किल्ल्यासाठीचे चार हजार दीनारही शेवटपर्यंत हाती आले नाहीत. तरी ९२२ च्या मे महिन्यात, निघाल्यापासून अकरा महिन्यांनी, इब्न फदलान बुल्गारांच्या मुलखात पोहोचला.

तिथे राजाच्या पदरी बगदादचा एक शिंपी होता. एका संध्याकाळी दोघे तंबूत गप्पा मारत इशाच्या अजानची वाट पाहत बसले. अजान झाली, दोघे बाहेर आले, तर फटफटत होते. इब्न फदलानने मुअज्जिनला विचारले, ही कोणती अजान? तो म्हणाला, फजरची. मग इशा? ती आम्ही मगरिबसोबतच पढतो. रात्र इतकी छोटी, की फजर चुकेल या भीतीने तो मुअज्जिन महिनाभर नीट झोपला नव्हता. मगरिबला चुलीवर चढवलेले भांडे फजरपर्यंत शिजून होत नाही, असेही इब्न फदलान लिहितो.

बुल्गार शहराचे अवशेष आज रशियाच्या तातारस्तानात आहेत. नकाशावर पाहिले तर ते साधारण ५५ अंश उत्तर अक्षांशावर येतात आणि कोपनहेगनही जवळजवळ त्याच रेषेवर आहे. म्हणजे बाजी ज्या आकाशाला घाबरते, त्याच आकाशाखाली इब्न फदलान उभा होता. आपले वाशीम २० अंशांवर. इथे जूनमधला सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. कोपनहेगनला तो साडेसतरा तासांचा, स्टॉकहोमला साडेअठरापेक्षा जास्त. सूर्य मावळतो, पण क्षितिजाखाली फार खोल जात नाही, म्हणून संधिप्रकाश रात्रभर पुरता विझत नाही. इशाची वेळ शफक विझल्यावर सुरू होते. वेगवेगळ्या अॅपमध्ये वेगवेगळी वेळ दिसते ती यामुळे. न विझणाऱ्या शफकची वेळ प्रत्येक जण आपापल्या हिशेबाने ठरवतो.

फकीहांची चर्चा

बुल्गारचा हा मसला पुढे हनफी फिकहच्या ग्रंथांत कायमचा दाखल झाला. जिथे शफक विझतच नाही, तिथे इशा फर्ज आहे का? ख्वारिज्मचे बक्काली म्हणाले, फर्ज नाही, कारण तिची वेळच येत नाही. इमाम हलवानी यांनी माणूस पाठवून त्यांना भर मशिदीत विचारले, पाचपैकी एक नमाज कमी करणाऱ्याला काय म्हणाल? बक्कालींनी उलट विचारले, ज्याचे दोन्ही हात कोपरापासून तुटले आहेत त्याच्या वजूचे फर्ज किती? तीन, कारण चौथ्याची जागाच उरली नाही. मग पाचव्या नमाजचेही तसेच, असे बक्काली म्हणाले आणि हलवानींना ते पटले. हा किस्सा ग्रंथांत असाच सांगितला जातो.

पण चर्चा तिथे संपली नाही. पंधराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-हुमाम यांनी ही बाजू खोडून काढली. वेळेची खूण दिसली नाही म्हणून नमाज माफ होत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी त्या हदीसचा आधार घेतला, ज्यात एक दिवस वर्षाएवढा लांब होईल तेव्हा वेळेचा अंदाज करून नमाज पढा, असे सांगितले आहे. खुद्द तातार मुलखातल्या शिहाबुद्दीन मर्जानी यांनी १८७० साली कझानमध्ये याच विषयावर अरबी ग्रंथ छापला आणि इशा फर्जच आहे, असे मांडले.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की 'तिकडे जाऊच नका' हे या चर्चेचे उत्तर नव्हते. माणसे तिथे राहत होती, व्यापार करत होती, लेकरे वाढवत होती. त्यांच्या आकाशाला धरून मार्ग शोधायचा होता आणि मार्गाविषयी मतभेद असले तरी कोणी कोणाला दीनबाहेर काढले नाही. आजही उत्तर नॉर्वेत, जिथे उन्हाळ्यात कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही, तिथले मुसलमान कोणी मक्केची वेळ धरतात, कोणी जवळच्या शहराची. मुसाफिराला तर चार रकातींच्या जागी दोनची सवलत आहेच.

वाटेवरचे मुक्काम

बाजीला हे सांगितल्यावर मी भाच्याच्या नकाशावर काही ठिकाणे वाढवली. हॅम्बुर्गहून शे-सव्वाशे किलोमीटरवर श्लेसविग आहे. त्याच्या शेजारी हेडेबी हे व्हायकिंग काळातले बंदर होते. इ.स. ९६५ च्या सुमारास स्पेनच्या मुस्लिम राज्यातून अत-तरतूशी तिथे आला होता. हा इब्राहिम इब्न याकूबच असावा आणि तो ज्यू होता, असे अनेक अभ्यासक मानतात. मासे तिथले मुख्य अन्न, स्त्री-पुरुष दोघेही डोळ्यांत सुरम्यासारखे काही घालतात आणि तलाकचा अधिकार बायकांच्या हाती आहे, अशी नोंद त्याने केली. गाणे मात्र त्याला कुत्र्याच्या भुंकण्यापेक्षा वाईट वाटले! मुसाफिर डोळे उघडे ठेवतो, पण कान घरचेच घेऊन जातो.

कोपनहेगन ते स्टॉकहोम साधारण साडेसहाशे किलोमीटर. आपल्या जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षा थोडे कमीच. दिव्यांचा नियम मात्र ध्यानात ठेवावा, तिकडे भर दिवसाही मोटारीचे दिवे लावूनच चालवावे लागते.

स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात एक छोटी बुद्धमूर्ती आहे. ती सहाव्या शतकाच्या आसपास भारतीय उपखंडाच्या वायव्येला घडली आणि १९५६ साली स्वीडनच्या हेल्गो बेटावर उत्खननात सापडली. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. अजिंठ्याची लेणी घडवणाऱ्या या राजधानीच्या माणसाला ती मूर्ती परकी वाटणार नाही.

दोन दिवस जास्त मिळाले तर गोटलंड बेट पाहावे. तिथे १९९९ साली स्पिलिंग्ज या ठिकाणी ६७ किलो चांदी आणि १४ हजारांहून जास्त नाणी सापडली. त्यातली बहुतेक इस्लामी मुलखातले दिरहम. ज्या नद्यांच्या वाटेने ही चांदी उत्तरेला गेली, त्यातल्याच एका नदीवर इब्न फदलानने रूस व्यापाऱ्यांना पाहिले होते.

सफरनाम्याचे ऋण

हे सारे आपल्यापर्यंत आले, कारण कोणीतरी लिहून ठेवले. इब्न फदलानच्या वृत्तांताचे हस्तलिखित १९२३ साली मशहदमध्ये झेकी वेलिदी तोगान यांना मिळाले. त्याआधी याकूतच्या भूगोलकोशातले उतारे तेवढे लोकांना माहीत होते. इब्न बतूतानेही बुल्गारच्या छोट्या रात्रीत रमजानचा इफ्तार, तरावीह आणि फजर एकामागोमाग उरकल्याचे सांगितले आहे. तो खरोखर तिथवर गेला होता का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पुढे १३४२ च्या सुमारास तोच दौलताबाद आणि नंदुरबारवरून गेला आणि मराठी माणसांच्या खाण्यापिण्याविषयी लिहून गेला. आपल्याच महाराष्ट्रातल्या जंजिऱ्याच्या नाझली बेगम यांनी १९०८ च्या युरोप प्रवासावर 'सैर-ए-यूरोप' हे उर्दू पुस्तक लिहिले. त्यांची बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेली होती. तिचा रोजनामचाही पुढे छापला गेला.

म्हणून बाजीच्या सामानात मी एक कोरी वही ठेवायला सांगितली आहे. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांशी तिने बोलून घ्यावे आणि हॅम्बुर्गच्या मशिदीत चालणारे वेळापत्रक भाच्याने आधीच मागवावे, असे ठरले आहे. व्हिसाचा अर्ज भरायचा की नाही, हे ती त्यानंतर सांगणार आहे. घाई करायची नाही, असे मी भाच्याला बजावले आहे.

वाचकांपैकी कोणी उत्तर युरोपात राहत असतील, तर जूनमध्ये आपल्या मशिदीत इशाची वेळ कशी ठरते, ते जरूर लिहून कळवावे. बाजीला वाचून दाखवीन.