नावेची गोष्ट

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, कॉनिबेअर शेलहाउसच्या भोजनगृहात छताला एक लाकडी शर्यतीची नाव टांगलेली आहे. ‘हस्की क्लिपर’. लांबी ६० फुटांच्या वर, रुंदी एक माणूस जेमतेम मावेल एवढीच. १४ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनजवळ ग्रुनाऊला याच नावेतून नऊ पोरांनी ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं. लेकीकडे गेले होते तेव्हा मुद्दाम बघायला गेले, आणि तिच्याखाली उभी असताना सारखे अप्पा आठवत राहिले.

अप्पा म्हणजे माझे थोरले काका. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना ते बोट क्लबवर वल्हवायचे. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडली की रेगाट्याच्या गोष्टी निघत. वल्हवणारा पाठमोरा जातो, पुढचं पाणी दिसतं ते फक्त सुकाणू धरणाऱ्या कॉक्सला, हे मला त्यांच्याकडून कळलं. “त्याच्यावर भरवसा नसेल तर वल्ह्याला हात लावू नये,” म्हणायचे. ते स्वतः कितव्या जागेवर बसत, हे मात्र त्यांच्या एकाही गोष्टीत आलं नाही.

हस्की क्लिपरची गोष्ट घरोघरी पोचली तीही एका म्हाताऱ्या माणसामुळे. त्या नऊ पोरांपैकी एक, जो रँट्झ. आई लहानपणीच गेली. पुढे वडील सावत्र आई आणि धाकट्या भावंडांना घेऊन गाव सोडून गेले, आणि पंधरा वर्षांचा जो सेक्विमच्या घरात एकटा राहिला. पुढे विद्यापीठाच्या फीच्या पैशांसाठी १९३५च्या उन्हाळ्यात त्यानं ग्रँड कूली धरणावर दोराला लोंबकळत खडक फोडला. आयुष्याच्या अखेरीस मुलीनं शेजारच्या लेखकाशी, डॅनियल जेम्स ब्राऊन यांच्याशी, त्यांची गाठ घालून दिली. पुस्तकाचा विषय निघाला तेव्हा जो म्हणाले, माझ्या एकट्यावर नको, नावेवर लिहा. ते २००७मध्ये गेले, पुस्तक २०१३मध्ये आलं.

नाव घडवली जॉर्ज पोकॉक यांनी. त्यांचे वडील इंग्लंडात ईटनच्या शाळेसाठी नावा बांधत. हात तिथं तयार झाला. सिएटलला विद्यापीठाजवळच्या कालव्याकाठी १९१८मध्ये नौदलानं समुद्री विमानांसाठी बांधलेलं हँगर अजून उभं आहे, त्याच्या माळ्यावर पोकॉक यांचा कारखाना होता. तांबड्या सीडरची पातळ फळी ते कोरडी असतानाच सांगाड्यावर ताणून बसवत. दमट हवेत ती फुगू बघे, पण सांगाडा जागा देत नसे, म्हणून नावेत कायमचा ताण राहून ती पाण्यावर जिवंत वाटे. हे कसब मला पदकाहून मोठं वाटतं.

ग्रुनाऊला वाट्याला आली सहावी, सगळ्यात जास्त वाऱ्याची लेन. सुटायचा इशाराही वाऱ्यात नीट ऐकू आला नाही. स्ट्रोकला, म्हणजे सगळ्यांना लय देणाऱ्या जागेवर, बसलेला डॉन ह्यूम तापानं फणफणलेला. तरीही ६ मिनिटं २५.४ सेकंदांत नाव पोचली, इटली ०.६ सेकंदांनी मागं, जर्मनी पुरत्या एका सेकंदानं.

जो यांची अट पाळायची तर सगळ्यांची नावं, बसत त्या क्रमानं, लिहायलाच हवीत: रॉजर मॉरिस, चक डे, गॉर्डन ॲडम, जॉन व्हाइट, जिम मॅकमिलिन, जॉर्ज हंट, जो रँट्झ, डॉन ह्यूम; आणि त्यांच्याकडे तोंड करून, एकटा पुढचं बघणारा बॉब मॉक.