ठिणगीच्या मागोमाग

मोटारीच्या इतिहासात कारखानदारांची चरित्रे पुष्कळ सांगितली जातात. बंद पडलेली मोटार पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या कारागिराची आठवण क्वचितच निघते. त्याचा इतिहास शोधू लागलो, तर आपण जर्मनीत जाऊन पोहोचतो.

रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली स्टुटगार्ट येथे लहानशी कार्यशाळा काढली. हाताखाली एक कारागीर आणि वरकामाला एक पोऱ्या, एवढाच परिवार. १८९७ साली त्यांचे मॅग्नेटो हे यंत्र मोटारगाडीच्या एंजिनाला बसले. इंधन पेटविणारी ठिणगी त्यातून मिळे. पुढे विजेचे दिवे आले, स्टार्टर आला. गाडी बांधणारे निराळे आणि तिचे हे अवयव पुरविणारे निराळे, अशी विभागणी होत गेली. पण ठिणगी पडेनाशी झाली म्हणजे गावचा लोहार हतबल होई. लोखंड त्याला कळे. वीज कळत नसे.

ही उणीव ओळखून १९२१ साली हँबुर्ग येथे माक्स आयझेनमान यांनी बॉश-सेवेचे पहिले केंद्र उघडले. कारखाना दक्षिणेस, तर हे बंदर पार उत्तरेस! कारखान्याचा रोजगार एका गावी साचतो. दुरुस्तीचा रोजगार गाडी जाईल तेथवर पाझरतो, आणि त्याबरोबर विद्याही पाझरते.

आपल्याकडे बॉशचा व्यापार १९२२ साली कलकत्त्यास सुरू झाला. १९५१ साली बंगलोरास ‘मायको’ स्थापन झाली. पुढे नाशिकलाही तिचा कारखाना निघाला. मग हमरस्त्यांवर ‘पंप-नोझल’च्या पाट्या दिसू लागल्या. डिझेलचा पंप झिजला की ट्रक काळा धूर ओकतो आणि घाटात धापा टाकतो. कारागीर तो पंप उतरवून चाचणीच्या बाकावर चढवतो, प्रत्येक नळीत किती तेल उतरते ते काचेच्या मापात पाहतो, आणि थेंबाथेंबाचा हिशेब जुळवितो. या हिशेबावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या.

आता विजेवर धावणाऱ्या गाड्या आल्या आहेत. त्यांत पंप नाही आणि नोझलही नाही. तेव्हा लोहारापुढे जी अडचण होती, तीच आज या कारागिरापुढे आहे. नवी गाडी विकणाऱ्याने नवी विद्याही त्याच्या दारी पोहोचविली पाहिजे. १९२१ च्या त्या केंद्रापासून घेण्याजोगा धडा हाच आहे.