बाजाराला ‘वेड’ कोणी लावलं?

शेअर बाजाराच्या बातम्या वाचताना कधी कधी वाटतं, आपण एखाद्या पेशंटचे केसपेपर वाचतोय. बाजार घाबरला, बाजार सावरला, गुंतवणूकदार धास्तावले. तेजी-मंदी हे आपले जुने शब्द तसे थंड डोक्याचे. ते फक्त वेग सांगतात. इंग्रजी अर्थलेखनात मात्र बाजाराला मन असतं, आणि ते वारंवार बिघडतं. १८१९, १८३७, १८७३, १९०७ या अमेरिकेतल्या संकटांचं नावच ‘पॅनिक’. १९२९ नंतरचं संकट ‘डिप्रेशन’. आणि मुंबईत १८६५ मध्ये जे घडलं, त्याला इतिहासाची पुस्तकं म्हणतात ‘शेअर मॅनिया’. मॅनिया म्हणजे वेड, उन्माद.

काय होतं हे वेड?

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांनी मोर्चा मुंबईकडे वळवला. कापसाचे भाव भडकले, शहरात पैशाचा पूर आला. १८६५ च्या सुरुवातीला मुंबईत ३१ बँका होत्या! बॅक बेमध्ये भराव घालून जमीन काढणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला, युद्ध संपलं आणि कापूस गडगडला. मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता १ जुलै. त्या दिवशी बहुतेकांकडे द्यायला पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर आला.

‘शहराला वेड लागलं होतं’ म्हटलं की गोष्ट इथेच संपते. वेड साथीसारखं येतं आणि जातं. त्यात सगळेच सारखे, म्हणून दोषी कोणीच नाही.

पण बँक ऑफ बॉम्बे ही साधीसुधी बँक नव्हती. तिच्यात सरकारचं भांडवल होतं. ती १८६८ मध्ये मोडीत निघाल्यावर चौकशी आयोग नेमावा लागला, आणि आयोगाची भाषा वेगळी निघाली. काळ असामान्य होता, हे त्यानेही मान्य केलं. पण त्याने बोट ठेवलं ते १८६३ च्या कायद्यावर, ज्यामुळे बँकेला कंपन्यांचे शेअर तारण ठेवून कर्ज देता येऊ लागलं. त्या मुभेचा गैरवापर करणाऱ्या सेक्रेटरींवर, आणि लक्ष न देणाऱ्या संचालकांवरही. प्रेमचंद रायचंद या बड्या दलालाचं बँकेत किती चालत होतं, हेही चौकशीत उघड झालं. राजाबाई टॉवर उभा आहे तो त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने.

म्हणजे एकाच घटनेची दोन वर्णनं. एकात वेडी गर्दी आहे. दुसऱ्यात कायदा आहे, सह्या आहेत, कर्जं आहेत. आपल्या लक्षात पहिलं राहिलं, कारण ते सांगायला सोपं आहे.

भावना खोट्या असतात असं नाही. केन्सने १९३६ मध्ये माणसांच्या आतल्या उर्मीला ‘अ‍ॅनिमल स्पिरिट्स’ म्हटलं, ते काही उगाच नाही. नुसत्या शब्दांनीही बाजार हलतो. ५ डिसेंबर १९९६ च्या रात्री अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी भाषणात ‘अविवेकी उत्साह’ असा एक शब्दप्रयोग प्रश्नार्थक सुरात केला, आणि काही तासांत टोकियोचा बाजार घसरला.

पण भीतीला आणि उत्साहाला इंधन लागतं, आणि ते कोणीतरी पुरवतं. मुंबईत ते शेअरच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जाने पुरवलं. तेव्हा पुढच्या वेळी ‘बाजारात घबराट’ असं नोटिफिकेशन आलं, तर खाली स्क्रोल करून बघा: उधारीवर कोण खेळत होतं, ती कोणी दिली, आणि ती द्यायची परवानगी कोणाची होती. बातमीत हे नसेल, तर तुम्हाला फक्त बाजाराची मनःस्थिती कळली. बुडालेला पैसा कोणाचा होता, हे अजून कळायचंय.