लट्टलूर आणि लातूर : प्रबंधकारांस दोन शब्द

नांदेड येथे १९९४ साली विद्यापीठ स्थापन झाल्यापासून नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या भागांतील विद्यार्थ्यांस आपल्याच गावचा इतिहास प्रबंधासाठी घेण्याची सोय झाली आहे. ही गोष्ट इष्टच होय. परंतु ग्रामाभिमान विषय निवडताना जितका उपकारक, तितकाच निर्णय करताना घातक असतो. यास लातूरचेच उदाहरण पुरे आहे.

राष्ट्रकूट नृपती पहिला अमोघवर्ष याच्या कर्नाटकातील शिरूर येथील शके ७८८, म्हणजे इ. स. ८६६ च्या लेखात त्यास लट्टलूरचा अधिपती म्हटले आहे. एवढ्यावरून ‘लातूर ही राष्ट्रकूटांची राजधानी’ असे लिहिणारे पुष्कळ आढळतात. वस्तुतः या एका वाक्यात तीन निरनिराळी विधाने दडलेली आहेत. लेखात ‘लट्टलूर’ हे नाव आहे, हे पहिले; ते प्रत्यक्ष प्रमाण होय. लट्टलूर म्हणजेच लातूर, हे दुसरे; ते अनुमान होय. डॉ. फ्लीट यांनी प्रथम बिलासपूरकडील रतनपूर सुचविले होते व पुढे लातूरचा पक्ष स्वीकारला; आज तोच बहुमान्य आहे. तेथे राजधानी होती, हे तिसरे. त्यास मात्र आधार नाही. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे हल्लीचे मालखेड, ही होती. सौंदत्तीचे रट्टही बेळगाव प्रांती राज्य करीत असता स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. तेवढ्यावरून त्यांची राजधानी लातुरास होती असे कोणी म्हणत नाही. समासाचा विग्रह केला तर स्वामित्व निघते. ते चालू की पूर्वजांचे, हे सांगणारे पद त्यात नाही. तेव्हा या बिरुदावरून कुलाचे मूलस्थान अनुमानावे, राजधानी नव्हे.

म्हणून प्रबंधकाराने तीन नियम पाळावेत. मूळ लेखाचा पाठ स्वतः वाचावा. दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबू नये. प्रमाण, अनुमान आणि लोकवार्ता ही वेगवेगळी मांडावीत. आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावा प्रथम नोंदवावा. कंधार येथील तिसऱ्या कृष्णाच्या काळच्या शिलालेखावर लिहिणारासही हेच नियम लागू आहेत.

असे केल्याने निष्कर्ष लहान होईल, हे खरे. ‘लातूर हे राष्ट्रकूटांचे मूलस्थान असावे’ एवढेच हाती उरेल. परंतु तेवढे परीक्षकापुढे टिकेल आणि पुढील अभ्यासकास त्यावर निःशंकपणे पाऊल ठेवता येईल. गावचा खरा गौरव त्यातच आहे.