गटारे नगरपालिकेची, हद्द सरकारची

मुंबईच्या पलीकडच्या गावांच्या कारभाराचा विषय निघाला की बोलणे नगरसेवकावर येते आणि तिथेच अडते. गटार तुंबले, पाणी आले नाही, रस्ता पुन्हा खोदला, कचऱ्याचा ढीग पेटला, की दोष ‘पालिके’चा. या रागात खोटे काही नाही; रोजचे हाल सोसणाऱ्याने आणखी कोणाला जाब विचारायचा? पण कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. गावाची हद्द किती असावी, पैसा कुठून यावा, पाणी कोणी द्यावे, मुख्य अधिकारी कोण असावा आणि निवडणूक कधी व्हावी, हे प्रश्न सभागृहात कधी सुटलेच नाहीत. ते वरच ठरले. सभागृहाकडे झाडलोट, दिवाबत्ती आणि लोकांचे शिव्याशाप तेवढे उरले. उपनगरी कारभार आज कुचकामी दिसतो, त्याचे मूळ मला या विभागणीत दिसते.

सुरुवात वेगळी होती. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली. १८५० च्या कायद्याने जिथे रहिवाशांची इच्छा असेल तिथे नगरपालिका काढण्याची सोय झाली होती. त्यानुसार कल्याणला १८५५ मध्ये नगरपालिका आली. ठाण्याची १८६३ मधली. त्या समित्या लोकांनी निवडलेल्या नव्हत्या, त्यांच्यावर कलेक्टरची सावली होती आणि गावातल्या मोजक्या प्रतिष्ठितांपलीकडे त्या पोहोचत नव्हत्या. तरी कर गावात गोळा व्हायचा आणि गावातच खर्च व्हायचा, एवढे नाते त्यात होते. लॉर्ड रिपनच्या मे १८८२ च्या ठरावाने याला मोठा अर्थ दिला. स्थानिक संस्थांचा पहिला हेतू लोकांचे राजकीय शिक्षण हा आहे आणि सरकारने नियंत्रण आत बसून न करता बाहेरून करावे, असे त्याचे म्हणणे होते. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने निवडलेल्या सभासदांना जागा दिली. पुढे १९०१ आणि १९२५ च्या कायद्यांनी तो पाया रुंदावला. मतदार थोडे, करदाते आणि मालमत्तावाले. ही मर्यादा मोठी होती आणि ती झाकायचे कारण नाही. पण सत्तेची दिशा तरी खाली येत होती.

स्वातंत्र्यानंतर मताचा हक्क सर्वांना मिळाला आणि नेमकी त्याच वेळी उलटी चाल सुरू झाली. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढली, तेव्हा वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ या स्वतंत्र नगरपालिका मुंबईत विरून गेल्या. १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांची वस्ती दिल्लीच्या निर्णयाने वसली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले; नगरपालिका यायला १९६० उजाडले. माणसे आधी, मोऱ्या नंतर आणि मत सर्वांत शेवटी, असा क्रम पडला. तो या पट्ट्यात पुढे कधी मोडलाच नाही.

सर्वांत बोलका पुरावा कल्याण-डोंबिवलीचा आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये. म्हणजे लोकांच्या नगरपालिका मोडल्या आणि बारा वर्षे प्रशासकाने कारभार केला. त्या काळात लोकलने रोज मुंबईला जाणारा पगारदार वर्ग इथे घर घेत होता, शेतजमिनीवर चाळी आणि चार मजली इमारती उठत होत्या आणि शहराचा आकार कायमचा ठरत होता. मधल्या मध्ये, १९९२ साली, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर पुन्हा वेगळे काढून त्यांच्या नगरपरिषदा झाल्या. डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांचे हाल तर याहून वाईट. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. २०२० मध्ये त्यातली अठरा वगळण्याचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. मधल्या काळात तिथे नियोजनाचा अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होता. ज्या गावाला आपण ग्रामपंचायतीत की महापालिकेत हेच ठाऊक नाही, त्या गावात गटाराचा आराखडा कोण आणि किती वर्षांसाठी करणार? हद्दीच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या तिथल्या संघर्ष समितीच्या मागण्या पटोत वा न पटोत, गावकऱ्यांचा अविश्वास मात्र समजण्यासारखा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: अधिकार दिले असते तर नगरसेवकांनी आणखी लुटले असते, अनधिकृत बांधकामे त्यांच्याच आशीर्वादाने उभी राहिली. बिल्डर आणि लोकप्रतिनिधी यांचे साटेलोटे या पट्ट्यात कोणी नाकारणार नाही. पण प्रशासक आल्याने ते थांबते का, हे तपासता येते, कारण तसा काळ आपण नुकताच अनुभवला. अंबरनाथ आणि बदलापूरच्या निवडून आलेल्या सभांची मुदत २०२० मध्येच संपली, कल्याण-डोंबिवलीचीही त्याच वर्षी नोव्हेंबरात. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे राज्यघटना सांगत असतानाही मतदान नगरपरिषदांत २०२५ च्या डिसेंबरात व महापालिकेत २०२६ च्या जानेवारीत झाले. सुमारे पाच वर्षे नगरसेवक नव्हतेच. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेराची (स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी मिळवल्याचे प्रकरण २०२२ मध्ये, म्हणजे याच काळात, गाजले आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितले. बांधकाम परवानगी आयुक्तांच्या नगररचना विभागाची आणि रेरा राज्याचे. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेल्या कुटुंबांना यात सभागृह नसल्याचा कोणताही फायदा झाला नाही. उलट प्रभागातून उठून जाहीर सभेत प्रश्न विचारणारे कोणी उरले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धरण, मोठी जलवाहिनी आणि मलनिस्सारण हे एकट्या बदलापूरच्या कुवतीबाहेरचे आहे. हे मान्य करायलाच हवे. बारवी धरण एमआयडीसीचे आहे, अंबरनाथ-बदलापूरचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करते, आणि नदीचे पाणी अनेक शहरांत वाटायचे तर प्रादेशिक यंत्रणा लागणारच. आक्षेप चुकतो तो पुढच्या पायरीवर. मोठी यंत्रणा हवी, म्हणून तीत गावाला आवाज नको, असे कुठून निघाले? पाणी आले नाही की मोर्चा नगरपरिषदेवर जातो आणि पाणी सोडणारा अधिकारी त्या सभागृहाला उत्तर देण्यास बांधील नसतो. पैशाचेही तेच. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली आणि तिच्या जागी राज्याचे सहायक अनुदान आले. महापालिकांच्या हातून जकात, मग स्थानिक संस्था कर गेला आणि २०१७ नंतर वस्तू व सेवा कराची भरपाई आली. जकातनाके भ्रष्ट होते आणि ते गेले याचे दुःख नाही. पण घरपट्टी सोडली तर स्वतःचा असा ठोस पैसा उरला नाही, आणि हात पसरणाऱ्या सभागृहाला वरच्याला खडसावता येत नाही.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने हे बदलेल अशी आशा होती. बाराव्या परिशिष्टात १८ विषय आले, पण ते सोपवणे राज्याच्या मर्जीवर राहिले. मुख्याधिकारी आजही राज्य नेमते. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यातील कलम ३०८ नुसार जिल्हाधिकारी नगरपरिषदेचा ठराव स्थगित करू शकतो. नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांतून, हे २०१६, २०२० आणि २०२२ असे तीनदा सरकारे बदलली तसे बदलले. रिपनला बाहेरून हवे असलेले नियंत्रण आता पूर्ण आत शिरले आहे.

म्हणून नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांकडे या पट्ट्यातल्या नागरिकांनी रस्त्याच्या डांबराबरोबर आणखी दोन गोष्टी मागाव्यात. हद्द बदलण्यापूर्वी संबंधित गावांचे मत घ्यावे, असा ठराव सभागृहाने करून सरकारकडे पाठवावा. आणि ज्या क्षेत्रसभांची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे, त्या आपल्या प्रभागात भरवाव्यात. पाणी देणाऱ्या यंत्रणेचा अभियंता तिथे बोलवावा आणि त्याची उत्तरे लिहून घ्यावीत.